घरामागची प्रेअरी : लॉन काढून देशी गवत-फुलं कशी लावायची, कशी टिकवायची

रानवेडी (नेपरव्हिल, इलिनॉय)

बागकामाच्या धाग्यावर मी मागच्या अंगणातल्या प्रेअरीचे, म्हणजे इथल्या मूळच्या गवत-फुलांच्या माळाचे, फोटो टाकले, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की हे कसं केलं, खर्च किती येतो, शेजारी तक्रार करत नाहीत का. तिथे उत्तरं वाहून जातील म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते, त्यामुळे जे लिहीन ते इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा, इंडियाना या पट्ट्यापुरतं. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी पद्धत जरूर घ्यावी, झाडांची यादी मात्र तिथलीच शोधावी.

इलिनॉयच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिंकनचं चित्र असतं, पण राज्याचं टोपणनाव 'प्रेअरी स्टेट'. एकेकाळी इथे सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी होती. त्यातली चांगल्या अवस्थेतली आज जेमतेम दोन-अडीच हजार एकर उरली आहे. या गवताच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट की लाकडी आणि बिडाच्या नांगराला जमीन फुटायची नाही, चिकट काळी माती फाळाला लगडून बसायची. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी फाळाचा नांगर केला आणि पुढच्या काही दशकांत सगळी प्रेअरी मका-सोयाबीनची शेतं होण्याच्या वाटेला लागली. जी वाचली ती जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेरुळांच्या कडेला, जिथे नांगर कधी गेलाच नाही. हे एकदा कळलं की मागच्या अंगणातलं केंटकी ब्लूग्रासचं लॉन बघवत नाही. निदान मला बघवेना.

आता कामाचं. प्रेअरी म्हणजे रंगीत फुलांचा वाफा नव्हे. तिचा पाया गवत आहे, आणि पहिली दोन वर्षं तिचा सगळा कारभार जमिनीखाली चालतो. लॉनची मुळं चार-सहा इंच जातात. बिग ब्लूस्टेम नावाच्या गवताची सात-आठ फूट खाली जातात, कंपास प्लांटची पंधरा फुटांपर्यंत. रोप वर बोटभर दिसतं तेव्हा खाली हातभर गेलेलं असतं. हे ज्याला पटलं तोच पहिल्या उन्हाळ्यातलं तणाचं रान बघून धीर धरतो.

जागा उन्हाची हवी, दिवसाला निदान सहा तास. मग असलेलं गवत पूर्ण मारायचं. 'जवळपास मेलं' याला अर्थ नाही, कारण उरलेलं ब्लूग्रास आणि क्रीपिंग चार्ली पुढच्या वर्षी परत येतात. मी एक अख्खा उन्हाळा काळं प्लास्टिक अंथरून ठेवलं होतं, कडा विटांनी दाबून. प्लास्टिक काढल्यावर खाली वाळकं गवत आणि उघडी माती. ती माती खणायची नाही, रोटोटिलर (माती उलथणारं यंत्र) तर अजिबात नाही. वर्षानुवर्षं निजलेलं तणाचं बी खणल्यामुळे वर येतं. खत नको, कंपोस्ट नको, त्यावर तणच फोफावतं. ही झाडं या मातीतच वाढलेली आहेत.

पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जमीन गोठायच्या सुमाराला. ऐकून चमत्कारिक वाटेल, पण इथल्या बहुतेक देशी बियांना ओली थंडी खाल्ल्याशिवाय कोंब फुटत नाही. एका चौरस फुटाला ४० ते ६० बिया हा साधारण हिशोब. बी बारीक असतं, त्यामुळे दमट वाळूत कालवायचं, अर्धं उत्तर-दक्षिण चालत फेकायचं, अर्धं पूर्व-पश्चिम. वर माती लोटायची नाही, फक्त पायाने तुडवायचं. पुढचं बर्फ करतं. माती गोठते, वितळते, भेगा पडतात आणि बी आपोआप आत बसतं.

बी घेताना 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' लिहिलेली सुपरमार्केटमधली रंगीत पाकिटं टाळा. त्यात बरेचदा कॉर्नफ्लॉवर, युरोपियन पॉपी असलं काहीबाही असतं, एक वर्ष फुलतं आणि संपतं. आपल्या भागातल्या देशी रोपवाटिकेतूनच घ्या, आणि बी कुठल्या जिल्ह्यातलं ते विचारा. न कंटाळता सांगणाऱ्या रोपवाटिका आहेत.

मनवा_२

फार सुंदर लिहिलंत. आमचं टाउनहोम आहे, पुढे साधारण १० बाय १२ची जागा, ऊन भरपूर. एवढ्याशा जागेत हे जमतं का? आणि नोव्हेंबरपर्यंत थांबवत नाहीये हो, वसंतात नाही का काही करता येणार?

रानवेडी

मनवा, एवढ्या जागेला बी पेरूच नका, रोपं लावा. छोट्या कप्प्यांतली 'प्लग' म्हणून मिळतात. बियांपेक्षा कितीतरी महाग, पण १२० चौरस फुटांना परवडतं आणि दुसऱ्याच वर्षी फुलं दिसतात. रोपांसाठी प्लास्टिकही लागत नाही. गवत आखूड कापायचं, त्यावर जाड पुठ्ठा, वर लाकडाचा चुरा. पुठ्ठ्याला भोक पाडून फुटाफुटावर रोप. मे महिन्यात लावलं की पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा खोल पाणी घाला, नंतर गरज पडत नाही. (बी पेरणाऱ्यांनी मात्र पुठ्ठा वापरू नये. बियांना उघडी माती लागते.)

छोट्या जागेत बिग ब्लूस्टेम, स्विचग्रास, इंडियन ग्रास नको. सात फूट वाढतात आणि बाकीच्यांना दाबून टाकतात. कप प्लांट आणि कॅनडा गोल्डनरॉडही नको, दोघं मिळून तुमची पायरी गाठतील. लिटल ब्लूस्टेम, साइड-ओट्स ग्रामा आणि प्रेअरी ड्रॉपसीड ही तीन गवतं पुरे. ड्रॉपसीड तर पुढच्या कडेलाच लावा, कारंज्यासारखा गोल झुपका होतो आणि ऑगस्टमध्ये तुरे आले की संध्याकाळी दारात भाजलेल्या धन्यांचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं शेजारच्या कोणीतरी मसाला भाजायला घेतलाय. वाकून तुऱ्याजवळ नाक नेलं तेव्हा खात्री पटली.

फुलांत: मे महिन्यासाठी गोल्डन अलेक्झांडर्स, जूनला पेल कोनफ्लॉवर, मग बटरफ्लाय वीड, वाइल्ड बर्गमॉट, पर्पल प्रेअरी क्लोव्हर, लायाट्रिस, शेवटाला स्मूद ब्लू अॅस्टर. एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत काही ना काही फुललेलं असलं पाहिजे. मधमाश्यांची भूक काही एका महिन्याची नसते. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची तीन-पाच जवळजवळ लावा, माशीला शोधत हिंडावं लागत नाही.

आणि एक. रोपं घेताना ती निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलेली नाहीत ना, हे विचारूनच घ्या. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं, परागात उतरतं. माश्यांसाठी बाग करायची आणि त्यातच विष ठेवायचं असं व्हायला नको.

अनिकेत_मॅडिसन

रानवेडी, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी इथे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये (वृक्षोद्यानात) शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो. तिथली कर्टिस प्रेअरी ही जगातली सर्वांत जुनी, माणसांनी पुन्हा उभी केलेली प्रेअरी मानली जाते. १९३०च्या दशकात निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली, मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी छावणीतल्या मुलांनी ती लावली. पडीक शेत होतं ते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी १९४०च्या दशकात तिथे आगीचे प्रयोग केले आणि जाळल्याशिवाय प्रेअरी टिकत नाही हे दाखवून दिलं. त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते.

तुमच्याकडे लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटमची शूलनबर्ग प्रेअरी १९६२ची, आणि बटाव्हियाच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली १९७५ची. फर्मीलॅबमध्ये रॉबर्ट बेट्झ यांनी थेट कणप्रवेगकाच्या वर्तुळाच्या आत प्रेअरी लावली. बेट्झ पेशाने जीवरसायनशास्त्रज्ञ. जुन्या दफनभूमींतून बी गोळा करायला स्वतः हिंडायचे. लावण्याआधी यांतली एखादी ऑगस्टमध्ये बघून यावी असा माझा आग्रह आहे. कॅटलॉगमधल्या फोटोवरून उंचीचा अंदाज येत नाही, माणूस आत शिरला की दिसेनासा होतो.

प्लास्टिकबद्दल थोडा मतभेद. अंगणाला ते ठीक. पण अर्धा एकर किंवा त्याहून मोठी जागा असेल तर काळं प्लास्टिक व्यवहार्य नाही, आणि जुनं ब्रोम किंवा रीड कॅनरी ग्रास असेल तर ते त्याला दाद देत नाही. पुनरुज्जीवनाचं काम करणारे बहुतेक लोक तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक वापरतात, एका हंगामात दोन-तीनदा, आणि नंतर सहसा कधीच नाही. मला ते आवडतं असं नाही. पण अर्धवट मारलेल्या गवतावर हजार डॉलरचं बी फेकलेलं मी पाहिलं आहे, त्यातून काही आलं नाही.

शेंगवर्गीय झाडं लावणार असाल, म्हणजे लेड प्लांट, प्रेअरी क्लोव्हर, व्हाइट वाइल्ड इंडिगो, तर बियांना रायझोबियम चोळा. आपल्याकडे शेतकरी हरभऱ्याला, तुरीला जिवाणू संवर्धक लावतात, तसंच. फक्त प्रत्येक गटाचा जिवाणू वेगळा असतो, त्यामुळे बियांबरोबर मिळतो तोच वापरायचा.

सुमेधाकाकू

मी मुलाकडे आयोवाला आले आहे सहा महिन्यांसाठी. सुनेने मागच्या थंडीत असंच बी टाकलं होतं. आता जून उजाडला तरी त्यात फूल एक नाही. चाकवत मात्र उदंड आलाय, गुडघ्याच्या वर. शिवाय माठ, आणि एक आपल्या गाजरगवतासारखं पान असलेलं काहीतरी. सून म्हणते फसलं सगळं. मी म्हटलं जरा विचारून बघते. आणि तो चाकवत खाल्ला तर चालेल का?

रानवेडी

काकू, सुनेला सांगा काहीही फसलेलं नाही, पहिल्या वर्षी असंच दिसतं. चाकवत तोच, आपलाच. जागेवर तणनाशक मारलेलं नसेल आणि पान ओळखीचं असेल तर कोवळे शेंडे खुशाल खुडा, ताकातली भाजी करा. गाजरगवतासारखं जे दिसतंय ते बहुधा रॅगवीड असावं.

पण आता मुख्य गोष्ट. हे तण उपटू नका. उपटताना शेजारची केसाएवढी देशी रोपं मुळासकट वर येतात. ते कापायचं. तण फूटभर झालं की मोवरचं पातं जितकं वर जाईल तितकं वर करून, चार ते सहा इंच ठेवून कापा. उन्हाळाभर दर तीन-चार आठवड्यांनी. चाकवत, माठ, फॉक्सटेल, रॅगवीड ही सगळी एका वर्षाची झाडं. बी धरू दिलं नाही की त्यांचा वंश तिथेच खुंटतो. आपली देशी रोपं या वेळी दोन-तीन इंचांची असतात, पातं त्यांच्या डोक्यावरून जातं आणि त्यांना ऊन मिळतं. गुडघ्यावर बसून चाकवताच्या बुंध्याशी बघा. तीन बोटांएवढं, लवदार, जमिनीला चिकटलेलं पान दिसलं तर ते ब्लॅक-आइड सुसान. पिसासारखं कातरलेलं खरखरीत पान दिसलं तर कंपास प्लांटचं बाळ, त्याला जपा. त्याला फूल यायला बरीच वर्षं लागतील, पण एकदा रुजलं की माणसाच्या आयुष्याएवढं जगतं.

दुसऱ्या वर्षी कापणी एकदाच किंवा दोनदा, जरा उंचावर. तेव्हा दोन वर्षांची तणं डोकं काढतात: स्वीट क्लोव्हर, रानगाजर, बर्डॉक. ही मात्र पावसानंतर माती मऊ असताना उपटायची, फुलायच्या आत. कॅनडा थिसल दिसलं तर ओढत बसू नका, मुळाचा तुकडा राहिला की त्यातून नवं येतं. फूल धरायच्या वेळी बुडातून कापत राहायचं, पुन्हा पुन्हा. क्राउन व्हेच आणि टीझल दिसलं तर त्याच दिवशी काढा, उद्यावर टाकू नका.

तिसऱ्या उन्हाळ्यात सून फोटो पाठवेल, बघा.

दख्खनी (पुणे)

वाचतो आहे आणि एका ठिकाणी अडलो. अनिकेत, तुम्ही लिहिलंत की जाळल्याशिवाय प्रेअरी टिकत नाही. इकडे आम्ही काहीजण दर फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीतले वणवे विझवायला, जाळरेषा काढायला डोंगरावर जातो. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हे वाक्य आम्ही गावोगाव खोडून काढत असतो. तुमचं वाचून उद्या कोणी आम्हाला अमेरिकेचं उदाहरण दिलं तर?

अनिकेत_मॅडिसन

दख्खनी, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि उत्तर नीट द्यायला हवं.

प्रेअरीतल्या गवतांचा वाढीचा डोळा जमिनीखाली असतो. मार्च-एप्रिलमध्ये ती अजून निजलेली असतात, वर फक्त गेल्या वर्षीचा वाळका पेंढा. पण युरोपातून आलेली ब्लूग्रास, ब्रोम ही थंडीतली गवतं तेव्हा हिरवी झालेली असतात. आग लागली की नुकसान त्यांचं होतं. पेंढा जळून जमीन काळी उघडी पडते, ऊन खाते, लवकर तापते, आणि आपली उन्हाळी गवतं जोमाने उठतात. कोवळी झाडं-झुडपं मागे हटतात, नाहीतर या भागात पाऊस इतका आहे की पंधरा-वीस वर्षांत प्रेअरीचं झुडपी रान होतं. लगेच पुढे वसंताचा पाऊस असल्याने काही आठवड्यांत जमीन झाकली जाते.

सह्याद्रीत उलट आहे. आग लागते ती कोरड्या हंगामात, पुढे दोन-चार महिने पाऊस नाही, जमीन उताराची, आणि मग एकदम मुसळधार. दरवर्षी तोच डोंगर, अख्खाच्या अख्खा, कुणाचं नियंत्रण नाही, कडेला जंगल. इथलं गणित तिथे मांडू नये. इथेही कोणी दरवर्षी सगळं जाळत नाही. एका वर्षी तिसरा हिस्सा किंवा फार तर अर्धा, म्हणजे पेंढ्यात, काड्यांत झोपलेले किडे, फुलपाखरांचे कोष दुसऱ्या भागात वाचतात. प्रशिक्षित माणसं, पाण्याचे पंप, वाऱ्याचा वेग आणि हवेतली आर्द्रता बघून ठरवलेला दिवस, आधी कापून काढलेल्या रेषा. इलिनॉयमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याची परवानगी लागते, अग्निशमन दलाला कळवावं लागतं.

शिवाय ही आग नुसत्या विजेची नव्हती. पोटावाटोमी, हो-चंक आणि इथले इतर मूळ लोक शिकारीसाठी, वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी, हरणांना कोवळा चारा मिळावा म्हणून हजारो वर्षं गवत जाळत आले. १८३३च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना इथून मिसिसिपीपलीकडे पाठवलं. नांगर आला आणि आग थांबली, दोन्ही साधारण एकाच पिढीत.

दख्खनी (पुणे)

समजलं. हे जपून ठेवतो, गावातल्या बैठकीत कामाला येईल.

रानवेडी

अंगणवाल्यांसाठी जोडते: उपनगरात घराला लागून आग लावायची नाही, बहुतेक गावांत बंदीच आहे. मार्चअखेरीस वाळके दांडे कापायचे, गवताचा पेंढा दाताळ्याने ओढून काढायचा, काम भागतं. पण शरद ऋतूत काहीही कापू नका. थंडीभर गोल्डफिंच कोनफ्लॉवरच्या बोंडांतून बी टिपतात, लिटल ब्लूस्टेम बर्फात तांब्याच्या रंगाचं उभं असतं. आणि मार्चमध्ये कापतानाही फुलझाडांचे दांडे जमिनीपासून १२ ते १८ इंच ठेवा. त्या पोकळ किंवा भेंडाच्या दांड्यांत छोट्या एकट्या राहणाऱ्या माश्या अंडी घालतात. नवीन पानोळा वाढला की दांडे दिसतही नाहीत.

तन्मय_का

शेजाऱ्यांचं कोणी बोललंच नाही! आम्हाला पुढच्या अंगणासाठी गावाकडून पत्र आलं: गवत ८ इंचांच्या वर आहे, दहा दिवसांत कापा, नाहीतर दंड. कोनफ्लॉवर फुललेला होता त्यात. अधिकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, तक्रार आली की पत्र जातंच. बायको म्हणते काढून टाकू. मला काढायचं नाहीये.

रेवा_स्प्रिंगफील्ड

तन्मय, काढू नका. तुम्ही इलिनॉयमध्ये असाल तर २०२४ मध्ये राज्याने कायदा केला आहे की घरमालकांच्या संघटनेला, म्हणजे एचओएला, देशी झाडांच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही, बाग नीट राखलेली असली की झालं. पण हे लक्षात घ्या, हा कायदा एचओएसाठी आहे. तुमचं पत्र गावाचं आहे, त्यामुळे गावाची नियमावली काढून 'वीड्स' या शब्दाची व्याख्या वाचा. पुष्कळ गावांनी 'लागवड केलेली देशी झाडं' वगळलेली असतात, किंवा 'नैसर्गिक बाग' म्हणून नोंद करायची सोय असते. झाडांची यादी, साधा नकाशा आणि फोटो जोडून लेखी उत्तर द्या. फोनवर काही होत नाही.

रानवेडी

रेवाला पूर्ण दुजोरा. आणि बायकोचं म्हणणंही ऐका, कारण शेजाऱ्यांचा आक्षेप बहुधा झाडांना नसतो, इथे कोणी लक्ष देत नाही अशी समजूत होण्याला असतो. फुटपाथच्या कडेने दोन-तीन फुटांची पट्टी आखूड कापलेली ठेवा. पुढे ड्रॉपसीड आणि बटरफ्लाय वीडसारखं बुटकं, उंच ते मागे. मधून एक पायवाट, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं, छोटी पाटी. वळणावर गाडीवाल्यांना आडोसा होणार नाही एवढं बघा. तेवढ्याने तीच झाडं लोकांना बाग वाटायला लागतात. समोरच्या घरच्या बाईंना मी पहिल्या वर्षी बर्गमॉटचं रोप दिलं, आज त्यांच्याकडेही एक पट्टा आहे.

मनवा_२

मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावायचंय. मोठ्या दुकानात लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड मिळालं. घरी आणून बघते तर हे आपलं हळदीकुंकू! कोकणात आजीच्या परड्यात होतं. लावू ना?

केतकी_बॉट

मनवा, डोळे चांगले आहेत तुमचे. ते हळदीकुंकूच, *अॅस्क्लेपियस कुरासाविका*. मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं, आपल्याकडे बागेतून बाहेर पडून पसरलेलं. इलिनॉयच्या थंडीत ते मरून जाईल. पण फ्लोरिडा-टेक्सासकडे ते वर्षभर हिरवं राहतं, आणि त्याच पानांवर मोनार्कच्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात, फुलपाखरं दुबळी होतात. त्यामुळे आपण इथलंच लावावं: कोरड्या जागेला केशरी बटरफ्लाय वीड, ओलसर जागेला स्वॉम्प मिल्कवीड. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, १० बाय १२ला नको.

आपल्या रुईचंच हे कूळ, म्हणून चीक तसाच आणि विषारीही तसाच. मोनार्कची अळी तो चीक पचवून स्वतः कडू होते. रुईवर आपल्याकडे जे केशरी फुलपाखरू अंडी घालतं, ते आणि मोनार्क एकाच प्रजातीगटातले, *डॅनॉस*. जुलैमध्ये मिल्कवीडचं पान उलटून बघा: टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढुरकं, उभ्या रेघांचं एकच अंडं असेल. उन्हाळ्याअखेरची पिढी इथून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत उडत जाते. त्यांना वाटेत मध लागतो, म्हणून अॅस्टर आणि (छोट्या जागेत कॅनडा सोडून दुसरं) गोल्डनरॉडही हवेतच.

गोल्डनरॉडने शिंका येतात हा समज खरा नाही. त्याचे पराग जड आणि चिकट, ते माशीच्या अंगावरून जातात. त्याच वेळी न दिसणाऱ्या हिरव्या फुलांनी रॅगवीड वाऱ्यावर पराग सोडत असतं, आणि शिव्या खातं गोल्डनरॉड. सुमेधाकाकूंना रॅगवीडचं पान गाजरगवतासारखं वाटलं ते बरोबरच आहे, दोघं जवळच्या नात्यातले. आणि आणखी एक नातेवाईक इथे आहे ज्याला सगळे जपतात: वाइल्ड क्विनीन. नाव *पार्थेनियम इंटेग्रिफोलियम*. पुण्यात १९५०च्या दशकात नजरेत आलेलं आपलं गाजरगवत ते *पार्थेनियम हिस्टेरोफोरस*. एकाच प्रजातीगटातलं एक झाड आपल्या माळांवर संकट, दुसरं इथल्या उत्तम प्रेअरीची खूण. इथे त्याला खाणारे किडे, दाबणारी गवतं, सगळी जुनी संगत आहे. मी तर ते प्रत्येकाला लावायला सांगते, पांढरी फुलं महिनोन्‌महिने टिकतात.

दख्खनी (पुणे)

केतकी, हे वाचून पुण्यातल्यांसाठी लिहावंसं वाटलं. कृपा करून इथून कोनफ्लॉवर आणि ब्लूस्टेमचं बी कोणी आणू नका. आपल्याकडे सासवड, सुपे, इंदापूर, नान्नजपर्यंत आपली गवताळ माळरानं आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा. त्यात लांडगा, चिंकारा, खोकड, आणि धाविक, चंडोल हे पक्षी राहतात. बिग ब्लूस्टेम, ज्वारी, ऊस आणि कुसळी ही सगळी एकाच मोठ्या गवतकुळातली, तेव्हा आपल्याकडे कमी काहीच नाही. सरकारी नकाशांत यातला बराच भाग पडीक म्हणून दाखवला जातो, आणि मग पावसाळ्यात उत्साही मंडळी तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावतात. सावली पडली की गवत जातं, गवत गेलं की धाविक जातो. माळावर झाडं लावू नका, एवढं जरी कोणी ऐकलं तरी पुष्कळ. घराशी जागा असेल तर मारवेलचे ठोंब, तरवड, जमल्यास रुई. कुसळी मात्र अंगणात नको, कपड्यांत आणि कुत्र्याच्या अंगात कुसळं घुसतात.

अनिकेत_मॅडिसन

+१. विस्कॉन्सिनमध्येही ओक-सॅव्हानात (विरळ ओक असलेल्या गवताळ रानात) मेपल लावणारे आहेतच.

सुमेधाकाकू

सुनेला सगळं वाचून दाखवलं. आज मुलाने मोवरचं पातं वर करून कापणी केली. त्याआधी मी टोपलीभर चाकवत खुडून घेतला. खाली बसून शोधलं तर लवदार पानं बरीच सापडली, आणि ते कातरलेलं खरखरीत पानही एक. त्याच्याभोवती सुतळी बांधून काडी रोवली आहे. आता एकच, ऑगस्टमध्ये आम्ही दहा दिवस बाहेर जाणार, तेव्हा पाणी घालायला कोणाला सांगावं लागेल का?

रानवेडी

काकू, नको. बियांपासून आलेल्या प्रेअरीला पाणी फक्त पहिल्या वसंतात, कोंब फुटताना फारच कोरडं पडलं तर. ऑगस्टपर्यंत मुळं खाली गेलेली असतात. जायच्या आधी एकदा कापणी करून जा म्हणजे फॉक्सटेल बी धरणार नाही. आणि काडी उंच रोवा, मोवर चालवणाऱ्याला दिसली पाहिजे.

मनवा, प्लगची मागणी आत्ताच नोंदवून ठेवा, मेमध्ये चांगल्या जाती लवकर संपतात. यादी इथे टाका, केतकी आणि मी बघून देतो.